पंतोजींकडून मागून आणलेला पोरगा

मी आयुष्यात कुणाचं काही चोरलं नाही. अकोल्याच्या कापूसबाजारात सारा जन्म काढून असं म्हणणारा माणूस एक तर साधू असतो, नाही तर खोटारडा. मी साधू नाही. पण तो पोरगा मी चोरला नव्हता, मागून आणला होता. ज्याचा होता त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून तो मला दिला, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगेन. माझं मन मात्र ते ऐकत नाही, त्याला मी काय करू?

ते कापसाचे दिवस. साता समुद्रांपलीकडं कुठंतरी लढाई लागली, तिकडचा कापूस यायचा बंद झाला, असं आमचा शेठ सांगायचा. लढाई कुणाची, कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पण वऱ्हाडातल्या माणसाला त्या लढाईनं वेड लावलं, बाप्पा! ज्या कापसाला काल कुणी हुंगत नव्हतं, त्याच्यासाठी मुंबईचे दलाल अकोल्यात उन्हातान्हात उभे राहू लागले. सकाळी गाड्यांची रांग लागे ती मोर्णा नदीच्या काठापर्यंत जाई. मी तेव्हा तिशीचा, एका अडत्याच्या दुकानी हिशेब लिहिणाऱ्यांचा मुख्य. एक गाडी वजनकाट्यावरून उतरली की दुसरी तयार. मोडी झरझर लिहिणारा आणि पाढ्यात न अडखळणारा हात मला हवा होता. अकोल्यातले असे सगळे हात आधीच कुणी ना कुणी पकडले होते.

मग दिवाळीत शेठच्या कामानं अमरावतीस गेलो तेव्हा डोक्यात आलं, आपला पंतोजी आहे ना!

मी शिकलो ते त्यांच्याच शाळेत, पण खरं सांगायचं तर सोळा वर्षं मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. अमरावतीस अंबादेवीच्या दर्शनाला दर दोन-तीन वर्षांनी येत होतो, पण शाळेची गल्ली टाळून वरच्या वाटेनं जायचो. आधी टाळली ती रागानं. पंतोजींनी मला फार मारलं होतं. पुढं टाळली ती लाजेनं, कारण हात रिकामे होते आणि गुरूकडं रिकाम्या हातानं कसं जायचं? हात भरले तेव्हा म्हणालो, सवड नाही. माणसाला न जायचं असलं की कारण शोधावं लागत नाही, ते आपणहून येऊन बसतं.

शाळा म्हणजे पंतोजींच्या घराची ओसरी. तिथं पंचवीस-तीस पोट्टे बसलेले, पुढ्यात धुळपाट्या. फळ्यावर बारीक धूळ पसरायची, काडीनं अक्षर गिरवायचं, पुसायचं, पुन्हा गिरवायचं. पंतोजी भिंतीशी घोंगडीवर बसले होते. म्हातारे झाले होते, पण छडी मांडीवर होतीच. मी पायरीवरून हाक मारली, "गुरुजी!"

त्यांनी मान वर केली. "औटकीत अडखळायचास तोच ना तू?"

औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा, माझा कायमचा वैरी. सोळा वर्षांनी, मिशा आलेला, पागोटं घातलेला मी, आणि या माणसानं एका हाकेत ओळखलं! मी पायावर डोकं ठेवलं. धोतरजोडी आणि पेढे पुढं केले. त्यांनी ते चाचपून बाजूला ठेवले. पंतोजी मूळचे गंगथडीकडचे, म्हणजे गोदाकाठचे, चाळीस वर्षं वऱ्हाडात राहूनही आमच्यासारखं 'मले-तुले' न म्हणता 'मला-तुला' म्हणायचे. आम्ही पोट्टे त्यांच्या मागं त्यांच्या बोलण्याची नक्कल करून मार खायचो. ते बोलणं ऐकून मला एकदम बरं वाटलं.

त्या पोरांत एक थोरला होता, चौदा-पंधरा वर्षांचा, काटकुळा, डोळे तल्लख. लहानग्यांच्या पाट्या तोच बघत फिरत होता. आमच्या वेळीही थोरल्यानं धाकट्यांना शिकवायची रीत होतीच, त्यामुळं मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. तो एकेक पाटी पंतोजींपुढं आणी, ते अक्षरावरून हळूच बोट फिरवत आणि "वेलांटी पोटात घे" की असलंच काही म्हणत. आमच्या वेळी ते नुसतं बघायचे.

मी म्हणालो, "हे नवं काढलं वाटते, गुरुजी?"

"डोळ्यापेक्षा बोट बरं. बोटाला लबाडी लवकर कळते," ते म्हणाले. मी हसलो. म्हाताऱ्याची तऱ्हा, झालं!

मग मी मुद्द्यावर आलो. त्या थोरल्या पोराची परीक्षा घेतली. सवाकी, दिडकी, अडीचकी, काय विचारावं ते त्याच्या जिभेवर. मोडी तर असं लिहिलं की माझंच मला हिणकस वाटलं. मी पंतोजींना म्हणालो, "गुरुजी, हा पोरगा मले द्या. अकोल्यात त्याचं भलं करतो. तुमची दक्षिणा माह्याकडून राहूनच गेली होती, ती अशी देतो म्हणा."

मोठ्या मनानं म्हणालो हो! मला वाटलं, याहून चांगली दक्षिणा कोणती? शाळेतलं पोर कामाला लावायचं, त्याचं घर उभं करायचं, शाळेचं नाव अकोल्यात न्यायचं.

आतून त्यांची बायको, आम्ही तिला काकू म्हणायचो, पाण्याचा तांब्या घेऊन दारात आलेली. तिनं तोंड उघडलं. पंतोजी तिच्याकडं न बघता म्हणाले, "तू आत जा." ती गेली. हे सारं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मी विचारलं नाही, की काकू, तुम्ही काय म्हणत होता?

"इतक्या वर्षांत या शाळेकडं कुणी काही मागायला आलं नव्हतं," पंतोजी म्हणाले. "लोक येतात, पाया पडतात, जातात. तू मागितलंस. बरं वाटलं. घेऊन जा."

आमच्या शाळेत निरोपाची एक रीत होती. जाणाऱ्या पोरानं एकापासून औटकीपर्यंत सगळं एका दमात म्हणायचं, आणि पंतोजी त्या वेळी भिंतीकडं तोंड करून बसायचे. पोराचं तोंड बघून दया येऊ नये, म्हणून. चूक झाली तर छडी न मारता नुसतं "उद्या" म्हणायचे, आणि पोरगा आणखी एक दिवस अडके. मी स्वतः चार वेळा अडकलो होतो. हा पोरगा एकदाही अडला नाही. संपलं तेव्हा पंतोजींनी भिंतीकडंच तोंड ठेवून हात मागं केला आणि त्याच्या हातात नवा बोरू दिला. पोरगा रडत होता. मी म्हणालो, "अबे, रडतं काहून? अकोल्याले चाल्ला, काय काळ्या पाण्यावर?" सगळे पोट्टे हसले.

तो हंगाम मी कधी विसरणार नाही. पोरगा सोन्याचा निघाला. माझं अर्धं काम त्यानं उचललं. शेठ खुश, मी खुश. बाजारात कुणी त्याची तारीफ केली की मी छाती फुगवून म्हणायचो, "आमच्या शाळेचा आहे!" सोळा वर्षं त्या शाळेचं नाव घेतलं नव्हतं, आता दिवसातून चारदा घेत होतो.

माघ सरता सरता माझा एक शाळूसोबती दुकानी आला. तो मुसलमान, त्याच्या बापाच्या गाड्या अमरावती-अकोला कापूस वाहायच्या, आता तोच धंदा त्याच्या हाती. हिशेबापुरतं शिकायला बापानं त्याला आमच्या पंतोजींकडं घातलं होतं. माझ्या शेजारीच बसायचा. तो मात्र शाळा सुटल्यापासून दर दसऱ्याला पंतोजींना सोनं द्यायला जायचा, एक वर्ष चुकला नाही. आला तो गादीवर बसलाही नाही.

"शाळा बंद झाली," म्हणाला.

"कोणची?"

"कोणची म्हंते! आपली. अबे, तुले दिसलं नाही? गुरुजीले दिसत नाही."

मला आधी कळेचना. मग त्यानं सांगितलं. दोन वर्षं झाली, पंतोजींची नजर पूर्ण गेली होती. हे फक्त तिघांना ठाऊक: काकूंना, त्याला आणि त्या थोरल्या पोराला. पोरगा पाट्या बघायचा, पंतोजींपुढं आणताना अक्षर काय लिहिलंय ते हळूच सांगायचा, कोण हजर, कोण पळालं तेही सांगायचा. पाढे तर पंतोजी कानानं पकडायचेच. एवढ्यावर शाळा चालली होती. पोरगा गेला आणि महिन्याभरात एका बापानं बघितलं, की आपलं पोर काडीनं नुसत्या रेघोट्या मारतंय आणि गुरुजी "शाबास" म्हणतायत. बोभाटा झाला. आंधळा पंतोजी म्हणून पोट्टे ओसरीसमोर हात चाचपडत चालायची नक्कल करू लागले. एकेकानं पोरं काढून घेतली.

"जमाना कापसाचा हाये," तो म्हणाला, "सारेच उचलून राहिले, मले मालूम हाये. लेकिन तू त्यायचे डोळेच नेले, भाऊ."

मला राग आला. स्वतःचा नाही, पोराचा! मी त्याला दुकानामागं ओढत नेलं. "तुले ठाऊक होतं?"

"हाव."

"मंग बोल्ला काहून नाही?"

"त्यायनं शपथ घातलती. अन् तुमी इचारलं कुठी?"

"आता वापस जाय. आजच जाय, गाडी हाये."

त्यानं मान हलवली. म्हणाला, घरी माय आहे, दोन बहिणी आहेत. पहिल्यांदा दोन्ही वेळ चूल पेटून राहिली. मी म्हणालो, ज्यानं तुला अक्षर दिलं त्याची तुला काहीच नाही का रे? तेव्हा तो माझ्याकडं सरळ बघून म्हणाला, "तुमालेबी त्यायनंच देल्लं ना? तुमी सोळा सालांत कितीकदा गेले?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. तो रडला नाही. परत जाऊन गादीवर बसला आणि लिहू लागला. तीस वर्षं झाली, माझ्या हाताला ती चापट अजून आठवते. पोरानं खोटं काय म्हटलं होतं?

शेठशी भांडून, भर हंगामात, मी मित्राच्या गाडीनं अमरावतीला निघालो. तीन दिवसांची वाट.

ओसरी झाडलेली होती. धुळपाट्या भिंतीशी एकावर एक रचलेल्या. पंतोजी त्याच घोंगडीवर. मी हाक मारली तशी त्यांनी मान वर केली, आणि आता मला दिसलं, की ते माझ्याकडं नाही, माझ्या जरा डावीकडं बघत होते. दिवाळीतही असंच बघत असतील. मी खाली बसलो आणि रडलो. लाज नाही सांगायला. म्हणालो, "गुरुजी, मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू दयेनं ठेवून गेला असतास त्याला," ते म्हणाले. "दयेवर शाळा चालत नाही. आणि त्या पोराला मी किती दिवस बांधून ठेवणार होतो? जाऊ दे. तो बरा लिहितो ना?"

"माह्याहून बरा."

"मग झालं."

मी म्हणालो, गुरुजी, काळजी करू नका, आम्ही जुने सारे मिळून तुमचं चालवू. ज्वारी म्हणू नका, तूर म्हणू नका, कपडालत्ता म्हणू नका. त्यांनी हात वर केला.

"भिक्षा मला गावात मिळते रे. मला पोरं आणून दे. पाढे मी अजून शिकवू शकतो. अक्षराला एक जरा मोठं पोर मिळालं तर तेही जमेल. एक मिळालं तरी मी सुरू करीन."

दोन दिवस मी आणि माझा मित्र अमरावतीत फिरलो. आमच्या शाळेतून गेलेले आठ-दहा जण तिथं चांगले नांदत होते. काय सांगू! एकाही दारातून आम्हाला कुणी हाकललं नाही. सगळ्यांनी बसवलं, पान दिलं, पंतोजींच्या छडीच्या गोष्टी काढून हसले. एकानं ज्वारीचं पोतं काढून दिलं. एकानं काकूंना लुगडं. एक म्हणाला, ओसरीवर नवं छप्पर टाकतो, माणसं उद्याच पाठवतो. एकाचे तर डोळे भरून आले, "माह्या बापानंतर गुरुजीच," म्हणाला. आणि त्यांच्या पोराला गुरुजींकडं धाडायचं नाव मी काढलं की सगळे एकच बोलायचे: "त्याले सरकारी शाळेत घातलं ना आता. तिथी नकाशे हायेत. आपल्या पाढ्यायचा जमाना गेला, भाऊ." जो बापाच्या जागी मानत होता, तोही तेच म्हणाला.

मी एकेकाला सुनावलं. गरज सरो वैद्य मरो म्हणालो, कृतघ्न म्हणालो, एकाच्या तर ओट्यावर उभं राहून आवाज चढवला. मित्र मागं उभा राहून ऐकत होता. शेवटच्या घरातून बाहेर पडलो तेव्हा तो हळूच म्हणाला, "तुहा पोरगा सात सालाचा हाये ना?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझा पोरगा अकोल्याच्या सरकारी शाळेत होता. मी स्वतः त्याला हाताला धरून घातला होता. मित्राला तर मूलबाळच नव्हतं, नाहीतर त्यानं आणून बसवलं असतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच तो बोलू शकला.

निघण्याआधी पंतोजींच्या पाया पडायला गेलो. छप्पर आलं होतं, ज्वारी आली होती, लुगडं आलं होतं. काकू ते सामान बघत दारात उभ्या होत्या. पंतोजींनी सामानाबद्दल काही विचारलं नाही. पोरांबद्दलही नाही, त्यांना कळलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "तुला मूल काय?"

"मुलगा," मी म्हणालो.

"किती वर्षांचा?"

मी मित्राकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. मी म्हणालो, "पाळण्यात हाये, गुरुजी."

आंधळ्या माणसाशी खोटं बोललो. तोंडावर बोललो, आणि माझ्या तोंडावर काय होतं ते त्यांना दिसत नव्हतं म्हणून निभावलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग अजून पाच वर्षं आहेत," म्हणाले. "इकडे आण त्याला. इथल्या कुणा सोयऱ्याकडे ठेव नाहीतर माझ्याकडे ठेव. श्रीगणेशा मीच करीन. तोवर मी राहतो."

अकोल्याला आलो. पुढच्या दोन हंगामांत ती लढाई संपली म्हणे, आणि कापसाचा भाव असा कोसळला की अडत्यांची निम्मी दुकानं बसली. मी तगलो. तो पोरगाही तगला. तो पुढं दुसऱ्या शेठकडं गेला, मोठा झाला, माझ्याशी चांगला बोलायचा, पण त्या चापटीचा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही. अमरावतीला मी त्यानंतर गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

मित्र मात्र दर दसऱ्याला जायचा. पंतोजी सोनं घेण्याआधी विचारायचे, अकोल्याचं पोर केवढं झालं? आणि माझा मित्र, जो कधी कुणाशी खोटं बोलला नाही, तो म्हणायचा, "आता चालते, गुरुजी." पुढल्या वर्षी, "आता लय बडबडते." तिसऱ्या वर्षी, "आता पळते." माझं खोटं तो दरवर्षी एकेका वर्षानं वाढवत राहिला. मला म्हणाला, "काय करू? तोंडच नाही उघडत दुसऱ्या बातेले."

पाचव्या दसऱ्याला तो गेला तेव्हा पंतोजी पहाटेच न्हाऊन, धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसले होते. काकूंनी एक जुनी धुळपाटी काढून पुसून ठेवली होती, ओसरी सारवली होती. पंतोजी खंगले होते, उठवत नव्हतं, तरी बसले होते. म्हणाले, पाच वर्षं झाली, आज विद्यारंभाचा दिवस, आज तो येईल. मित्र दुपारपर्यंत त्यांच्याजवळ थांबला. गल्लीत गाडी वाजली की पंतोजी मान वर करायचे. शेवटी मित्रानं सांगितलं, गुरुजी, नदीला पाणी असेल, गाडी अडली असेल. ते म्हणाले, "असेल. दसऱ्यालाच पाहिजे असं नाही, म्हणावं. कधीही आण."

कार्तिकात ते गेले.

त्या दसऱ्याला नदीला पाणी नव्हतं. मी अकोल्यात घरीच होतो. माझा मुलगा बारा वर्षांचा झाला होता, सरकारी शाळेतून बक्षीस घेऊन आला होता, आणि मी शेजाऱ्यांना पेढे वाटत होतो.